शनिवारची शेगडी

मरणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, आई बाजारात हंसाच्या चरबीवरून भांडली. बरणीतली चरबी पिवळट दिसत होती, आणि विकणारी बाई ती याच आठवड्यातली आहे असं शपथेवर सांगत होती. "शपथ कशाला घेतेस गं," आई म्हणाली, "तुझ्यापेक्षा चरबीच खरं बोलतेय." रांगेतल्या बायका हसल्या. आईला बाहत्तरावं लागलं होतं, गुडघे कामातून गेले होते, पण चार माणसांना हसवलं की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. शेवटी त्या बाईने खालून दुसरी बरणी काढून दिली, पांढरीशुभ्र, आणि आईने ती विल्माच्या पिशवीत ठेवताना पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली. संत मार्टिनचा सण उद्यावर आला होता. घरी बटाट्याच्या पोळ्या करायच्या होत्या, त्यांना ही चरबी लावायची होती, आणि आईच्या मते अख्ख्या ब्रातिस्लावात आता तशा पोळ्या कुणालाच येत नव्हत्या, विल्माला तर नाहीच. "पुस्तकं वाचून पीठ मळता येत नाही," ती नेहमी म्हणायची. विल्मा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती, त्रेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि आईचं हे वाक्य ती वीस वर्षं ऐकत आली होती. ते तिला आवडायचं सुद्धा, पण तसं ती कधी बोलली नव्हती.

ट्रामच्या थांब्याजवळ मृत्यूच्या कागदांचा फलक होता. काळ्या चौकटीतले कागद, नाव, वय, अंत्यविधी कधी आणि कुठे. आई तिथे थांबल्याशिवाय पुढे जायची नाही. "बघू दे कोण कोण गेलं ते," म्हणायची, आणि चष्मा पुसायची, वर्तमानपत्र उघडावं तशी. विल्माचं लक्ष ट्रामकडे होतं. आईची बोटं एका कागदावर थांबलेली तिला दिसली. योझेफिना शुस्तेरोवा, वय पंचाहत्तर. खाली एकच नाव, मुलगी हेर्मिना.

"मेली धुराडी," आई म्हणाली.

विल्माने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्या बाईला सगळी आळी धुराडी म्हणायची, युद्ध संपल्यापासून. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, कशावरून ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं.

"मार्चमध्ये मी गेले होते तिच्याकडे. दवाखान्यात."

"तू? कधी? मला बोलली नाहीस."

"तुला कशाला सांगायचं. म्हटलं, टेकलीय आता, आता तरी कबूल करेल. पाद्री येऊन गेला होता, म्हणजे करायलाच हवं होतं. तर म्हणते कशी, ओतिलिया, मी नव्हते गं, पण तू शिव्या देत राहा, मला सवय झालीय. आणि हसली वर. दात नव्हते एकही तोंडात." आईने चष्मा काढून घडी घातला. "मग तुझी चौकशी केली."

"माझी?"

"पोरगी कशी आहे म्हणाली. झोप लागते का तिला म्हणाली. असं कुणी विचारतं का? म्हटलं, चांगली झोपते, तुझी काळजी कर. मरतानासुद्धा खोटं बोलली बघ, पाद्र्याला फसवून." ट्राम आली तशी आईने विल्माचा दंड धरला आणि पायरीवर पाय ठेवला. "जाऊ दे. आता देव बघून घेईल."

ट्राम पुलावर आली. खाली डॅन्यूब करडी, जड, थांबल्यासारखी वाहत होती. समोरच्या बाकावर आई बरणी मांडीत घेऊन बसली होती, दोन्ही हात तिच्याभोवती. आता बोलायचं, असं विल्माने ठरवलं. पुढच्या थांब्याला. मग त्याच्या पुढच्या. पेत्रझाल्कात उतरून नव्या इमारतींच्या चिखलातून फळ्यांवरून चालताना तिने तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हणाली, "सांभाळून, निसरडं आहे." स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती, तव्यावर टाकत होती, हातानेच उलटत होती. विल्मा दारात उभी राहिली. "काय गं," आईने मागे न बघता विचारलं, "भूत बघितल्यासारखी उभी का?" "काही नाही." "मग चरबी लाव. पातळ लाव, माझी परीक्षा घेऊ नकोस." विल्माने चरबी लावली. दोघींनी पाच-पाच पोळ्या खाल्ल्या. आईने टीव्हीवर बर्फावरचं नाचणं बघितलं, त्यातल्या एका मुलीला टोपणनाव दिलं, आणि नऊ वाजता झोपायला गेली. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच, कळलंही नसेल. विल्माने मान हलवली. आईच्या हाताला पिठाचा वास होता, आणि नखाच्या कडेला थोडं पीठ राहिलंही होतं. ते काढावं की राहू द्यावं हे तिला ठरवता येईना, आणि त्या एवढ्याशा गोष्टीपाशी ती बराच वेळ बसून राहिली.

झोप लागते का तिला. हे वाक्य घरभर फिरत होतं. आईची कपाटं उघडताना, काळा पोशाख झटकताना, शेजारणी येऊन रडून गेल्यावर कप विसळताना. चौतीस वर्षांपूर्वीची ती बाई, जाड घोट्यांची, तोंडाळ, जिन्यावर चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्या पोरांना झाडूने बदडणारी. तिने विल्माच्या झोपेची चौकशी केली होती.

तेव्हा विल्मा आणि आई जुन्या शहरात, एका चारमजली घरात राहत. मधे चौक आणि प्रत्येक मजल्यावर चौकाकडे उघडणारी ओसरी. तळाला इस्त्रीची खोली होती, तिथे आई लोकांचे कपडे धुवायची, इस्त्री करायची, आणि त्याच खोलीच्या मागे दोघी झोपायच्या. वडील नव्हते, विल्माला ते आठवतही नसत. दुसऱ्या मजल्यावर रायस्नर राहत, पिसांचे व्यापारी. हंसाची पिसं, गाद्या-रजयांची. रायस्नर काकांच्या कोटावर कायम एखादं पांढरं तुसं चिकटलेलं असे. त्यांची मुलगी पेर्ला विल्माच्याच वयाची, चार महिन्यांनी मोठी, आणि ते चार महिने ती कधी विसरू द्यायची नाही.

शनिवारी यहुद्यांना आग पेटवता येत नाही. विल्माला हे जन्मापासून ठाऊक होतं, जसं शुक्रवारी मांस खायचं नाही हे ठाऊक होतं. म्हणून शनिवारी सकाळी रायस्नरांची शेगडी पेटवायला खालून कुणीतरी जायचं. आधी आई जात असे, तिच्या आधी आईची आई. विल्मा सहा वर्षांची झाल्यावर ते काम तिच्याकडे आलं. त्या घरातल्या शेगड्या जुन्या पद्धतीच्या, उंच, हिरव्या टाइल्सच्या, छतापर्यंत. खोलीच्या बाजूने त्यांना दारच नसे. लोखंडी झडप बाहेरच्या बोळात, त्याच मजल्यावरच्या अरुंद वाटेत. लाकडं बोळातून घालायची, राख बोळातून काढायची, म्हणजे मोलकरणीला खोलीत पाऊल टाकावं लागू नये. आणि आणखी एक रीत होती. शेगडी पेटव, असं त्या दिवशी तिला कुणी म्हणायचं नाही. सांगणंही त्यांना चालत नसे. रायस्नर काकू दारात शाल गुंडाळून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आज गारठा आहे नाही?" किंवा नुसते हात चोळायच्या. बाकीचं विल्माने समजून घ्यायचं. विल्माला त्याचा अभिमान वाटे. शाळेत तिला सगळं तीनतीनदा सांगावं लागायचं, पण इथे न सांगता कळतं असं रायस्नर काकू आईला म्हणाल्या होत्या. रविवारी खसखशीच्या वडीचा तुकडा मिळायचा, कागदात गुंडाळलेला.

शेगडी पेटवण्याआधी ती झडप उघडून आत तोंड घालायची. "पेर्ला." आणि पलीकडून, टाइलांना गाल लावून, पेर्लाचा आवाज यायचा, जाड, घुमणारा, विहिरीतून आल्यासारखा. "आलीस? काल सात आकडी गुणाकार केला मी." "खोटारडी." "चार महिन्यांनी तूही करशील." मग विल्मा काड्या रचायची, काडी ओढायची, आणि एकदा जाळ धरला की आवाज बंद व्हायचा, ज्वाळांतून शब्द येत नसत. तेव्हा पेर्ला टाइलांवर तीनदा ठोकायची. ते आभार.

मग कायदे आले. कोटावर पिवळी चांदणी आली. शाळेतून पेर्ला गेली. बागेतल्या बाकांवर पाट्या आल्या. चाळिशीच्या आतली बाई यहुद्यांच्या घरी कामाला राहू शकत नाही, असं ठरलं, आणि आई चौतिसाची होती. एके दिवशी आईने विल्माला समोर उभं केलं आणि म्हणाली, "वर जायचं नाही. त्या पोरीशी बोलायचं नाही. कुणी बघितलं तर माझा परवाना जाईल, आपण रस्त्यावर." "आणि शेगडी?" आईने इस्त्री फडक्यावर आपटली. "ते तेवढं कर. बोळातूनच. आणि जिभेला गाठ मार." कायदे करणाऱ्यांचं लक्ष शनिवारच्या शेगडीपर्यंत अजून गेलं नव्हतं. त्यामुळे तीन वर्षं त्या दोघींची मैत्री त्या काळ्या भोकापुरती राहिली, आठवड्यातून दहा मिनिटं. विल्मा पेर्लाचा चेहरा विसरत चालली होती, आवाज मात्र तिला झोपेतही ओळखता आला असता.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात एका रात्रीत रायस्नर काकांना उचललं. काकू आणि पेर्ला कुठे गेल्या, ते कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावर कुलूप लागलं. विल्माने आईला विचारलं तेव्हा आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाली, "खेड्याकडे." हात नेहमीपेक्षा जड होता. विल्माला वाटलं, इस्त्रीने दमलाय.

जानेवारीत, एका शुक्रवारी, ती तिसऱ्या मजल्यावर गेली होती. तिथे एका इंजिनियरचं बिऱ्हाड, बॉम्बच्या भीतीने ते सगळे गावी गेलेले, घर बंद. बोळात त्यांची बाहुलीची गाडी ठेवलेली होती, ती नुसती ढकलून पाहावी म्हणून विल्मा गेली होती. भिंतीतून खोकला आला. लहान, दाबलेला. तिने झडप उघडली, आत राखही नव्हती, नुसता गार लोखंडाचा वास. "पेर्ला?" पलीकडे काहीतरी सरकलं. मग तो आवाज, अगदी बारीक. "आई म्हणते बोलायचं नाही. जा." विल्माच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. खेड्याकडे नाहीतच. तिच्या डोक्यावरच आहेत. "जाते," ती म्हणाली. आणि ती झडप लावणार तेवढ्यात पेर्ला म्हणाली, "फार गारठा आहे गं इथे."

विल्मा रात्रभर अंथरुणात मोजत होती. उद्या शनिवार. सप्टेंबरपासूनचे किती शनिवार झाले. सोळा, सतरा. इतक्या शनिवारी कुणीच गेलं नव्हतं, म्हणून ती शेगडी इतकी गार. बाकीच्या दिवशीही ती का पेटत नव्हती हा प्रश्न तिला पडलाच नाही. पुढे आयुष्यात तिने हजारो पुस्तकं वाचली, विद्वानांची, संतांची, छावण्यांतून परत आलेल्यांची, आणि प्रत्येक पुस्तकात ती एका ओळीच्या शोधात असायची, जिथे लिहिलं असेल की नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडला नाही तर ते समजण्यासारखं आहे. तशा ओळी सापडायच्याही. त्या वाचून काही व्हायचं नाही.

सकाळी आई कपडे पोचवायला गेली. विल्माने एप्रनमध्ये काड्या घेतल्या, इस्त्रीच्या भट्टीतली चार लाकडं घेतली, जिन्यावर कुणी नाही हे बघितलं, कारण हे गुपित आहे एवढं तिला कळत होतं. गुपित ठेवून, अनवाणी पायांनी, एकदाही न अडखळता तिने ते सगळं केलं. झडप उघडून हाकही मारली नाही, पेर्लाला बोलायची बंदी होती ना. काड्या नीट रचल्या, हवेला जागा ठेवून. जाळाने लगेच धरलं, गार धुराड्यातून वर गेलं, घों असा आवाज झाला. आणि पलीकडून ठोकणं सुरू झालं. तीनदा नाही. खूपदा. दोन्ही हातांनी, जणू चार हातांनी, टाइलांवर, वर, खाली. विल्मा हसली. इतके आभार तिचे कुणी कधी मानले नव्हते. तिने आणखी एक लाकूड घातलं.

त्या बाजूची दारं-खिडक्या दिवसा त्यांना उघडता येत नव्हत्या, बाहेर येता येत नव्हतं, आणि शेगडीला आतून दार नव्हतं.

शुस्तेरोवा ओसरीवरून धावत आली, बादली घेऊन, फरशी पुसायचं पाणी त्यात. ती इमारतीची रखवालदारीण, खालच्या चौकातून तिने वर पाहिलं असणार, बंद घराचा धूर, निरभ्र आकाशात. तिने विल्माला एका हाताने बाजूला ढकललं आणि सगळी बादली झडपेत ओतली. पांढरी वाफ फुत्कारत बाहेर आली. ओली लाकडं अजूनच धुमसली. ती गुडघ्यांवर बसून नुसत्या हातांनी लाकडं बाहेर ओढत होती, एप्रनमध्ये धरून विझवत होती, आणि पुटपुटत होती, "मारिया माते, मारिया माते." म्हणजे तिला माहीत होतं. आत कोण आहे ते तिला सप्टेंबरपासून माहीत होतं, आणि ती गप्प राहिली होती. हे विल्माला तेव्हा कळलं नाही, बरंच पुढे, विसाव्या वर्षी, भाषाशास्त्राच्या एका कंटाळवाण्या तासाला अचानक कळलं, आणि तिला वर्गातून उठून बाहेर जावं लागलं.

मग शुस्तेरोवाने वळून विल्माकडे पाहिलं. मार बसणार म्हणून विल्माने डोळे मिटले. त्या बाईने तिची मनगटं पकडली आणि आपल्या ओल्या एप्रनने तिचे हात पुसले, बोट न् बोट, नखांतली काजळीसुद्धा. "खाली जा. चौकातल्या झाडाखाली दोरीवर उड्या मार. कुणी विचारलं तर सकाळपासून तिथेच होतीस. आणि हे कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. ऐकलंस का पोरी? कधीच नाही." विल्माने मान हलवली. तिने चौकात दोरीवर उड्या मारल्या. एकशे बारा झाल्या तेव्हा समोरच्या फाटकातून यहुद्यांना पकडून नेणारी चार माणसं आली, त्यांना कुणी बोलावलं, रस्त्यापलीकडच्या कुठल्या खिडकीने तो धूर पाहिला, ते कधीच कुणाला कळलं नाही. आई त्यांच्यामागून रिकामी टोपली घेऊन येत होती. जिन्यावरून शुस्तेरोवा उतरत होती, हातात बादली, एप्रन काळा. आईने ते पाहिलं. आईने आयुष्यभर तेवढंच पाहिलं.

त्या माणसांच्या मधून चालत पेर्ला विल्माच्या जवळून गेली. चौकात उजेड होता आणि ती डोळे बारीक करत होती. ती विल्माच्या आठवणीपेक्षा उंच झाली होती, केस कापलेले. तीन वर्षांनी विल्माला तिचा चेहरा दिसला. ती काहीच बोलली नाही, ओळख दाखवली नाही, नजर तिच्यावरून नेली जशी भिंतीवरून नेतात. ती रागावली होती, की विल्माला वाचवत होती, हे विल्माने किती तऱ्हांनी उलटसुलट करून पाहिलं. काकूंच्या अंगावर आईने शिवलेला कोट होता. त्या दोघी सेरेदच्या छावणीत गेल्या, तिथून आगगाडीने पुढे. परत कुणी आलं नाही. तिसऱ्या मजल्याची चावी आईकडे होती हे त्या माणसांच्या डोक्यात आलं नाही, आणि आई हातात गरम इस्त्री धरून त्यांना म्हणाली, "मी कपडे धुते. माणसं नाही."

सेहेचाळीस साली, युद्धातल्या गुन्ह्यांसाठी बसवलेल्या लोकन्यायालयात शुस्तेरोवा उभी होती, आरोप असा की मुद्दाम शेगडी पेटवून, धूर दाखवून तिने आतल्या दोघींना पकडून दिलं. आई साक्षीला. विल्मा बाकावर, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. आईने बादली सांगितली, काळा एप्रन सांगितला, वेळ सांगितली. सगळं खरं होतं. न्यायाधीशाने विचारलं, "मुलीने काही पाहिलं का?" आई म्हणाली, "लहान आहे ती, दोरीवर खेळत होती." शुस्तेरोवाने तेव्हा मान वळवली आणि बाकाकडे पाहिलं. विल्माला वाटलं, आता सांगेल. ती सांगून टाकेल आणि सगळं संपेल. ती फक्त म्हणाली, "मी नव्हते." "मग बोळात काय करत होतात?" "फरशी पुसत होते." लोक हसले. दोन वर्षांची शिक्षा झाली. तिची मुलगी हेर्मिना, अकरा-बारा वर्षांची, वेण्या घातलेली, मावशीकडे खेड्यात गेली, आणि परत आली तेव्हा शाळेच्या फळ्यावर पोरांनी धुराडं काढून ठेवलं होतं. विल्मा त्याच शाळेत होती. तिने ते पुसलं नाही. काढलंही नाही.

अंत्यविधीच्या कचेरीत सोमवारी कारकून म्हणाला, "बुधवारी दीडचा वेळ आहे, नाहीतर गुरुवार सकाळ. गुरुवारी जरा निवांत पडेल." वहीत त्याच्या बोटाच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं, बुधवार, एक वाजता, शुस्तेरोवा. विल्माने ते उलटं वाचलं. "दीड," ती म्हणाली. का, ते तिला माहीत नव्हतं. कारकुनाने तसं वहीत लिहिलं. "माणसं खूप असतील का?" "असतील. आईला लोक मानायचे." मानायचेच. युद्धात आईने दोन जीव लपवले होते, साडेतीन महिने, आपल्या ताटातलं देऊन. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईने ते कधी मिरवलं नव्हतं, पण नाकारलंही नव्हतं. म्हातारपणी तिच्याकडे एवढंच उरलं होतं, ते आणि धुराडीचा राग. एकाला हात लावला तर दुसरं कोसळलं असतं. विल्मा चौतीस वर्षं स्वतःला हेच सांगत आली होती, की आईसाठी गप्प आहे. आता आई नव्हती. तरीही सांगणं म्हणजे पुरायच्या दिवशी आईला खोटी साक्षीदार करणं. आणि न सांगणं म्हणजे रोजच्यासारखं कामावर जाणं.

बुधवारी पाऊस नव्हता, वारा होता. शवागाराच्या प्रतीक्षागृहात दोन दारं, एकातून शवपेटी आणायची, दुसऱ्यातून बाहेर जायचं. एक वाजताचे लोक अजून निघाले नव्हते, पाद्री उशिरा आला होता. लोक म्हणजे तिघं. हेर्मिना, तिच्याबरोबर एक म्हातारी, आणि काठीवाला एक माणूस. या बाजूला विल्माचे चाळीस जण, पुष्पचक्रं, ग्रंथालयातल्या मुली, जुन्या घरातले उरलेसुरले शेजारी. खोली एकच होती, मध्ये पाच पावलं फरशी मोकळी राहिली होती, कुणी ठरवली नसताना.

जुन्या घरातल्या पहिल्या मजल्याच्या क्रायचोवा काकू विल्माच्या कानाशी लागल्या, पण त्यांना ऐकायला कमी यायचं म्हणून मोठ्याने बोलत. "बघ गं योगायोग. धुराडीची पोर. लाज नाही वाटत, याच दिवशी?"

"काकू, हळू."

"हळू कशाला? तुझ्या आईने दोन जीव वाचवले होते आणि हिच्या आईने ते विकले. लिहायला हवं दगडावर."

हेर्मिनाने ऐकलं. ती चव्वेचाळीसाची असावी, जाड कोट, हातात हातमोजे नव्हते, हात लाल. ती सरळ विल्माकडे बघत म्हणाली, "आता तरी पुरे करा. दोघी गेल्या. तुझ्या आईने मार्चमध्ये येऊन तिला दोन तास छळलं दवाखान्यात. मला नर्सने सांगितलं. मरणाऱ्या बाईला."

"आम्हाला माहीत नव्हतं," विल्माच्या बाजूची एक मुलगी म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत असणार. मला तरी काय माहीत आहे?" हेर्मिनाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यामुळे सगळे ऐकायला लागले. "मी तिला चाळीसदा विचारलं. आई, केलंस का तू? ती म्हणायची नाही. मग कुणी केलं? तर गप्प. का गप्प? निर्दोष माणूस गप्प कशाला बसेल? शेवटी मीही तिच्याशी बोलायचं सोडलं. सहा वर्षं गेले नाही तिच्याकडे. कळलं का? मीसुद्धा तुमच्याच बाजूची होते."

काठीवाला माणूस खोकला. पाद्री दारात आला, गळ्यातला पट्टा सारखा करत, आणि म्हणाला, "शुस्तेरोवा कुटुंबीय, चला." कुटुंबीय तिघंच. म्हातारीने हेर्मिनाचा दंड धरला.

विल्मा पुष्पचक्र धरून उभी होती. तिला वाटलं, थोडा वेळ गेला की हेही जाईल, दार लागेल, मग आईला आणतील, मग गाणं होईल. तिला आईचा हात आठवला, डोक्यावर ठेवलेला. तिला माहीत होतं की आता पाऊल टाकलं तर चाळीस माणसं आईकडे कधीच पूर्वीसारखी बघणार नाहीत, आणि तिच्याकडे तर नाहीच. तिने पुष्पचक्र क्रायचोवा काकूंच्या हातात दिलं. पाच पावलं फरशी होती. तिच्या बुटांचा आवाज झाला.

"हेर्मिना, थांब."

"काय राहिलंय अजून?"

"तुझ्या आईने सांगितलं नाही, कारण तिला माझं नाव सांगावं लागलं असतं." आवाज फुटका निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, "विल्मा, दुःखात आहेस बाळ, ये इकडे." ती वळली नाही. तिने श्वास घेतला आणि क्रायचोवा काकूंनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "तो जाळ तुझ्या आईने विझवला. स्वतःच्या हातांनी. माझ्या आईने फक्त विझवणारी पाहिली, आणि तिला तेवढंच खरं वाटलं, कारण मी तिला दुसरं काही सांगितलं नाही, तेव्हा नाही, न्यायालयात नाही, परवा शुक्रवारीही नाही. पेर्ला रायस्नर माझी मैत्रीण होती. तिला थंडी वाजत होती, आणि शनिवार होता. शेगडी मी पेटवली."